कॅबिनेटवाल्यांची फाईल: वर्कर्स कॉम्पच्या जादा प्रीमियमच्या नोंदी

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आमची तीन माणसांची हिशेबाची फर्म आहे. छोट्या धंद्यांची खाती लिहिणं, कर भरणं हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली: कामगार भरपाई विम्याचा, म्हणजे इकडे सगळे ज्याला वर्कर्स कॉम्प म्हणतात त्याचा, जास्तीचा गेलेला प्रीमियम शोधायचा आणि परत मागायचा. खालच्या नोंदी एकाच फाईलच्या आहेत. ग्राहकाला विचारूनच इथे देते आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. दर त्यांच्या पॉलिसीतलेच, पण तेही गोल.

१७ जून २०२४, सोमवार

आज फाईल उघडली. फॉक्स नदीच्या काठी कारखाना आहे. किचनची कॅबिनेट बनवतात आणि घरोघरी नेऊन बसवून देतात. पंचवीस-सव्वीस माणसं. मालकांच्या वडिलांनी पोलंडहून येऊन गॅरेजमध्ये धंदा सुरू केला, आता मुलगा चालवतो आणि नातू विक्री बघतो.

आले ते बिल घेऊनच. १ एप्रिल २०२३ ते १ एप्रिल २०२४ या वर्षाच्या पॉलिसीचं ऑडिट झालं. वर्षभरात ९२,००० डॉलर भरले होते, ऑडिटनंतर हिशेब १,१४,००० च्या वर गेला. आणखी २२,००० भरा, असं पत्र. मालक एकच वाक्य दोनदा म्हणाले, "माणसं तेवढीच आहेत, काम तेवढंच आहे."

पद्धत अशी: पॉलिसी सुरू होताना वर्षाच्या पगाराचा अंदाज द्यायचा. दर १०० डॉलर पगारामागे कामाच्या प्रकारानुसार दर, आणि आलेल्या रकमेला त्या धंद्याच्या अपघातांच्या इतिहासावरून ठरणाऱ्या आकड्याने गुणायचं. या आकड्याला सगळे 'मॉड' म्हणतात. वर्ष संपलं की कंपनीचा ऑडिटर खरे पगार बघतो आणि फरक मागतो किंवा परत देतो. चूक या तिन्हींपैकी कुठेही असू शकते: पगारात, कामाच्या प्रकारात, मॉडमध्ये.

पहिलं काम आजच केलं. बिल मान्य नाही आणि ऑडिटची कामाची पानं पाठवा, असं लेखी कळवलं. बिल नुसतं टेबलावर ठेवून गप्प बसलं तर कंपनी पैसे थकले म्हणून चालू पॉलिसी रद्द करू शकते, आणि इलिनॉयमध्ये हा विमा नसताना माणसं कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. वाद घालायचा तो विमा चालू ठेवून.

१९ जून, बुधवार

पानं आली. चार कोड आहेत.

२८१२, यंत्रांवर कॅबिनेट बनवणारे: पगार ६,२०,००० डॉलर, दर ५. ५४०३, सुतारकाम: ४,८०,०००, दर १२. ८८१०, ऑफिसात बसून काम करणारे: १,५०,०००, दर २० सेंट. ८७४२, बाहेर फिरून विक्री करणारे: ७०,०००, दर ४० सेंट. शिवाय दोन बाहेरच्या फिटर टोळ्यांना दिलेल्या पैशांवर ५४०३ च्या दराने ७,५६०. सगळं मिळून ९६,७४०, गुणिले मॉड १.१८.

५४०३ वर माझं बोट थांबलं. हे कोड नॅशनल कौन्सिल ऑन कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स ही संस्था ठरवते. तिचं मुख्यालय फ्लोरिडातल्या बोका रॅटनला, सगळे तिला एनसीसीआय म्हणतात. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांचे स्वतःचे ब्युरो आहेत, पण इलिनॉय एनसीसीआयचे नियम पाळतं. तर ५४०३ हा 'दुसरीकडे कुठे न बसणाऱ्या' सुतारकामाचा कोड आहे. म्हणजे आधी दुसरीकडे बसतं का ते बघायचं, नाहीच बसलं तर इथे. आणि २८१२ च्या वर्णनातच लिहिलंय की बनवलेली कॅबिनेट बसवण्याचं काम वेगळं धरायचं, त्याला ५४३७ आहे: कॅबिनेट आणि घराच्या आतलं लाकूडकाम बसवणं. या पॉलिसीत ५४३७ चा दर ८ असता.

आमच्या ऑफिसातले काका (तीस वर्षं प्रीमियम ऑडिटर होते, मूळचे सांगलीचे) पान बघून म्हणाले, "कागदावरून काही ठरवू नकोस. जाऊन बघ."

२४ जून, सोमवार

दिवसभर कारखान्यात.

आत गेल्याबरोबर लाकडाच्या भुशाचा वास आला. माझ्या बाबांचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं, तिथे लोखंड आणि कूलंट ऑइलचा वास असायचा. वास वेगळा, तरी सकाळी सातला यंत्रं सुरू होतानाचा आवाज तोच.

आधी फिटरांबरोबर गेले. आठ जण, दोन-दोनच्या चार जोड्या. एका जोडीबरोबर नेपरव्हिलच्या एका घरात तीन तास बसले. भिंतीवर लेव्हल धरणं, खुणा, वरची कपाटं टांगणं, खालची सरळ करणं, दारं जुळवणं. चौकट उभारणं नाही, छप्पर नाही, घराबाहेर काही नाही. मी विचारलं, कधी बाहेरचं काम करता का, डेक, पोर्च? त्यातला वयाने मोठा म्हणाला, "पूर्वी करायचो. २०१७ नंतर नाही."

संध्याकाळी मालकांनी जुन्या फायली काढल्या. खरंच, दोन-तीन उन्हाळे त्यांनी लाकडी डेक बांधून दिले होते. त्या वेळच्या अर्जात एजंटने 'सुतारकाम' लिहिलं. डेक बंद झाले, कोड राहिला. विमा कंपनी बदलली तेव्हा नव्या कंपनीने जुन्या पॉलिसीवरून कोड उतरवून घेतला. सात वर्षांत त्या कोडकडे कुणी बघितलंच नाही, कारण बघणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता आणि अर्थ माहीत असणारा कधी नेपरव्हिलच्या त्या स्वयंपाकघरात उभा राहिला नाही.

आणखी तीन गोष्टी टिपल्या. ज्या दिवशी साइट तयार नसते त्या दिवशी फिटर कारखान्यातच काम करतात. जानेवारी २०२३ पासून टाइमकार्डवर त्यासाठी वेगळा रकाना आहे. हा रकाना पेरोल बघणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सोयीसाठी आखला होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही या धंद्याचे काही हजार डॉलर वाचवलेत. त्यांना ते खरंच वाटेना.

ड्रॉइंग करणारे दोघे २८१२ मध्ये आहेत. त्यातली एक जण वरच्या मजल्यावर, बंद खोलीत, दिवसभर संगणकापुढे. ड्रॉइंगचं काम ८८१० मध्ये बसतं, जर बसण्याची जागा भिंतीने वेगळी असेल आणि माणूस दुसरं काम करत नसेल तर. दुसरा मात्र रोज खाली येऊन सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र लावतो. तो २८१२ मध्येच योग्य आहे.

तिसरी गोष्ट मालकांना आवडणार नाही. ती पुढे, ११ जुलैला.

२६ जून, बुधवार

ओव्हरटाइम. फिटरांच्या ४,८०,००० मध्ये दीडपट दराने दिलेला ओव्हरटाइम ९०,०००. नियम असा की दीडपटीतला वरचा अर्धा भाग, म्हणजे ओव्हरटाइमच्या एकूण रकमेचा एक तृतीयांश, प्रीमियमच्या हिशेबातून वगळायचा. जोखीम तासाला असते, आणि तो तास दीडपट धोक्याचा नसतो. अट एकच, नोंदी वेगळ्या हव्यात. ऑडिटरला खातेवहीतली एकूण बेरीज दिली गेली, त्यात ओव्हरटाइम दिसतच नव्हता. पेरोल कंपनीच्या रिपोर्टमध्ये तो प्रत्येक माणसागणिक वेगळा आहे. ३०,००० कमी.

(पेनसिल्वेनियात ही सूट नाही. तिथल्या वाचकांनी यावर वेळ घालवू नये.)

२ जुलै, मंगळवार

बाहेरच्या टोळ्या. मजुरीने काम करणाऱ्याकडे स्वतःचा विमा नसेल तर त्याचं माणूस पडलं तर भरपाई तुमच्या पॉलिसीवर येते, म्हणून त्याचा प्रीमियमही तुमच्याकडून. पगाराच्या नोंदी मिळाल्या नाहीत तर फक्त मजुरीच्या कंत्राटाचे ९० टक्के पगार म्हणून धरतात, मजुरी आणि माल दोन्ही असेल तर ५० टक्के.

पहिल्या टोळीला ४०,००० दिले होते. तिचं विम्याचं प्रमाणपत्र पेरोलच्या बाईंच्या ईमेलमध्ये सापडलं, पूर्ण वर्षाचं. ऑडिटरने मागितलं तेव्हा त्या रजेवर होत्या, आणि नंतर कुणी पाठवलं नाही. ४,३२० डॉलर केवळ एका न पाठवलेल्या कागदाचे.

दुसऱ्या टोळीचे ३०,०००. त्यांचा विमा सुरू होण्याआधी तीन महिने ते इथे काम करत होते, त्या काळातले १०,०००. त्यावर प्रीमियम द्यावाच लागेल, आणि तो रास्त आहे. पत्रात तसंच लिहिणार.

६ जुलै, शनिवार

काम नाही, पण नोंद करायचीच आहे. चार तारखेची सुट्टी जोडून घरचे बाहेर गेलेत. मी गाडी काढून चेरीला गेले.

चेरी हे शिकागोच्या नैर्ऋत्येला शेतांमधलं छोटं गाव. १३ नोव्हेंबर १९०९ ला तिथल्या कोळशाच्या खाणीत आग लागली. विजेचे दिवे बिघडले होते, म्हणून रॉकेलच्या मशाली लावल्या होत्या. खेचरांसाठी खाली चाललेल्या गवताने पेट घेतला. २५९ माणसं आणि मुलगे गेले. आठ दिवसांनी २१ जण खालून जिवंत बाहेर आले. कबरस्तानात खाणकामगारांचं स्मारक आहे. उन्हात तिथे बराच वेळ उभी होते.

तेव्हा कामगार मेला तर त्याच्या बायकोने कोर्टात जाऊन मालकाची चूक सिद्ध करायची, अशी रीत होती. चेरीनंतर १९११ मध्ये इलिनॉयने कामगार भरपाईचा कायदा केला: चूक कुणाची हे न विचारता भरपाई. आपल्याकडे तो १९२३ मध्ये आला. बाबांच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली एका कामगाराची दोन बोटं गेली, तेव्हा त्याच कायद्याखालच्या पॉलिसीतून त्या कामगाराला पैसे मिळाले. पगार खरा लिहिलेला होता म्हणून पुरे मिळाले. बाबा हे पुष्कळदा सांगायचे.

मी जो पैसा परत मागते तो या विम्याच्या विरोधात जाऊन नाही, हे मला स्वतःला नीट माहीत असायला हवं. म्हणून गेले होते.

११ जुलै, गुरुवार

मालकांशी तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलले.

कारखान्याचे फोरमन ८८१० मध्ये आहेत, ऑफिसवाले म्हणून. त्यांची काचेची केबिन आहे खरी, पण ती यंत्रांच्या मधोमध आहे, आणि मी होते त्या दिवशी ते अर्ध्याहून जास्त वेळ पॅनल सॉच्या (फळ्या कापणाऱ्या करवतीच्या) शेजारी उभे होते. ते २८१२ मध्ये हवेत. मालकांचा मुलगा ८७४२ मध्ये आहे, विक्रीवाला म्हणून. पण तो फिटिंगच्या दिवशी साइटवर असतो, कपाटं उचलू लागतो. त्याचा सगळा पगार ५४३७ मध्ये जायला हवा.

म्हणजे २,८८० आणि ५,३२० डॉलर वाढणार. मालक म्हणाले, "ते त्यांना सापडलेलं नाही ना? मग आपण कशाला सांगायचं?"

मी जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं. एक, तपासणीला माणूस येईल, तो तासाभरात हे बघेल, आणि मग आपल्या बाकीच्या दहा गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही. दुसरं, आपण म्हणतोय की माणूस जे काम करतो तोच कोड लावा. हे आठ फिटरांसाठी खरं असेल तर तुमच्या मुलासाठीही खरं आहे. तिसरं मी थोडं थांबून म्हटलं: तुमचा मुलगा शिडीवर असतो. त्याचं नाव शिडीवर चढणाऱ्यांच्या यादीत असू द्या.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, लिहा.

याच कारणाने आम्ही वसुलीतला हिस्सा घेत नाही, तासाप्रमाणे फी घेतो. या धंद्यात परताव्याचा मोठा वाटा घेणारे पुष्कळ आहेत, आणि ते गैर आहे असं मी म्हणत नाही. पण वाट्यावर काम करणाऱ्याला फोरमनची केबिन दिसूनही बोलायचं सुचत नाही, हे मी जवळून बघितलं आहे.

२२ जुलै, सोमवार

मॉडचा तक्ता आला. आजचा दिवस याच्यातच गेला, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

१ एप्रिल २०२३ च्या मॉडमध्ये २०१९, २०२० आणि २०२१ ला सुरू झालेल्या पॉलिसींचे अपघात धरलेत. मधलं एक वर्ष नेहमी सुटतं, कारण पॉलिसी सुरू झाल्यापासून १८ महिन्यांनी कंपनी पहिला आकडा कळवते. अपघाताच्या प्रत्येक रकमेचे दोन तुकडे होतात. एका ठरावीक मर्यादेपर्यंतचा तुकडा पूर्ण मोजला जातो, त्यावरचा थोडाच. ही मर्यादा वर्षानुवर्षं ५,००० डॉलर होती, २०१३ मध्ये १०,००० झाली आणि नंतर चढत गेली. म्हणजे एक प्रचंड अपघात झाला म्हणून धंदा बुडत नाही, पण लहान लहान अपघात वारंवार झाले तर मॉड भराभर चढतो.

लॉस रन, म्हणजे कंपनीकडची अपघातांची यादी, तक्त्याशेजारी ठेवून ओळीओळीने जुळवली. दोन ठिकाणी अडकले.

पहिली ओळ: २०२० च्या पॉलिसीतला अपघात. माल पोचवणाऱ्या गाडीला मागून दुसऱ्या गाडीने ठोकलं, ड्रायव्हरच्या पाठीचं ऑपरेशन झालं. खर्च ८५,०००. चूक दुसऱ्या गाडीची, त्यामुळे आमच्या ग्राहकाच्या विमा कंपनीने तिच्या विम्याकडून ६०,००० वसूल केले. ते लॉस रनमध्ये दिसतात, पण मॉडच्या तक्त्यात अजून ८५,०००. अशी वसुली झाली की दुरुस्तीचा अहवाल पाठवावा लागतो. तो गेलाच नव्हता.

दुसरी ओळ: २०२१ चा. एका कामगाराचं बोट कापलं, टाके घातले, दोन दिवसांनी तो कामावर परत. औषधपाणी ९,०००, बुडालेल्या मजुरीची भरपाई शून्य. इलिनॉयमध्ये पहिल्या तीन दिवसांची मिळत नाही, रजा चौदा दिवसांपर्यंत लांबली तरच ती मिळते. म्हणजे हा निव्वळ वैद्यकीय खर्चाचा दावा. अशा दाव्याची रक्कम मॉडमध्ये ७० टक्के कमी करून धरतात. तक्त्यात मात्र तो मजुरी बुडालेल्यांच्या प्रकारात आहे. सुरुवातीला कंपनीने मजुरीसाठी थोडी रक्कम राखून ठेवली असणार आणि प्रकार नंतर बदलायचा राहिला.

हिशेब करून बघितला. पहिल्या दुरुस्तीने ६०,००० डॉलर निघतात, मॉड साधारण ०.०४ ने उतरतो. दुसरीने फक्त ६,३०० निघतात, तरी जवळपास तेवढाच उतरतो! पहिली सगळी रक्कम मर्यादेच्या वरची, थोडीच मोजलेली. दुसरी पूर्ण मर्यादेच्या आतली. १.१८ चा १.१० होईल.

मालकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "साठ हजार आणि सहा हजार सारखेच?" होय.

५ ऑगस्ट, सोमवार

पत्र गेलं. नऊ पानं, सोबत टाइमकार्ड, पेरोल रिपोर्ट, प्रमाणपत्रं, फिटिंगचे फोटो, दोन वर्षांच्या कामाच्या ऑर्डरी. वाढणाऱ्या गोष्टी पहिल्याच पानावर लिहिल्या. काकांचा आग्रह होता.

२८ ऑगस्ट, बुधवार

उत्तर आलं. ओव्हरटाइम आणि प्रमाणपत्रं मान्य. कोडच्या बाबतीत म्हणतात, धंद्याचं स्वरूप बदललं आहे, तेव्हा बदल पुढच्या नूतनीकरणापासून.

हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय. नियम वेगळा आहे. कोड मुळातच चुकीचा लावलेला असेल आणि दुरुस्तीने प्रीमियम कमी होत असेल, तर ती दुरुस्ती पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून लागू होते. उलट दुरुस्तीने प्रीमियम वाढत असेल तर कंपनीने ती कधी केली यावर ठरतं: पहिल्या १२० दिवसांत केली तर सुरुवातीपासून, त्यानंतर केली तर सापडल्या दिवसापासून, आणि शेवटच्या ९० दिवसांत केली तर पुढच्या पॉलिसीपासून. हा नियम मुद्दाम विमा घेणाऱ्याच्या बाजूने झुकता ठेवलाय, कारण कोड लावायची जबाबदारी कंपनीची.

डेकचं काम २०१७ मध्ये थांबलं. वादातली पॉलिसी २०२३ ची. या पॉलिसीच्या काळात काहीच बदललेलं नाही. ती सुरू झाली तेव्हाच कोड चूक होता. दोन परिच्छेदांचं उत्तर पाठवलं आणि एनसीसीआयकडे तपासणीची विनंती केली. आधी कंपनीशी लेखी बोलून झालेलं असावं लागतं, ते झालं होतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तपासनीस आले. शांत माणूस. दोन तास कारखाना, मग एक साइट. फोरमनच्या केबिनसमोर उभे राहिले, वहीत काही लिहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुमच्या पत्रात आहे." मालकांनी माझ्याकडे बघितलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

अहवाल आला. ५४०३ काढला, ५४३७ लावला. बाकी सगळं आमच्या पत्राप्रमाणे.

पण आज मला मालकांना एक वाईट बातमीही द्यावी लागली, आणि ती मी जूनमध्येच ठळकपणे द्यायला हवी होती. मॉड म्हणजे झालेलं नुकसान आणि त्या कोडकडून अपेक्षित नुकसान यांची तुलना. कोड सौम्य झाला की अपेक्षित नुकसानही कमी होतं, अपघात मात्र तेच राहतात. म्हणून नवा मॉड १.१० नाही, १.१५ आला. पत्रात मी याची एक ओळ लिहिली होती, पण तोंडी बोलताना १.१० हाच आकडा दोनदा उच्चारला. माणूस ऐकलेलं धरून ठेवतो. पुढच्या फाईलपासून कोड बदलणार असेल तर मॉडचा अंदाज आकडा म्हणून सांगणार नाही, पल्ला म्हणून सांगणार.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुधारित ऑडिट हातात. २०२३-२४ साठी:

कॅबिनेट बसवणं, फिटर: ३,९०,००० वर ३१,२००. मुलगा: ५,६००. फिटरांचे कारखान्यातले तास, ६०,००० पगार, २८१२ च्या दराने: ३,०००. आधी याच माणसांसाठी ५७,८८० लावले होते. ड्रॉइंगवाल्या बाईंचे ३,१२० कमी, फोरमनचे २,८८० जास्त. टोळ्यांचे ७,५६० च्या जागी ७२०. एकूण ७१,५८०, गुणिले १.१५, म्हणजे ८२,३०० च्या आसपास.

२२,००० भरायचे होते, त्याऐवजी ९,७०० परत.

२०२२-२३ मध्ये ट्रकच्या अपघाताची दुरुस्ती आणि कोड दोन्ही मिळाले. कारखान्यातल्या तासांची वाटणी मात्र मिळाली नाही. त्या वर्षातले फक्त शेवटचे तीन महिने टाइमकार्डवर रकाना होता. बाकीच्या नऊ महिन्यांसाठी 'अंदाजे पंधरा टक्के' चालत नाही. तास लिहिलेले नसतील तर सगळा पगार महागड्या कोडात. आणि तीन महिन्यांसाठी वेगळा हिशेब द्यायला कंपनी तयार झाली नाही. मी तो मुद्दा सोडला. रक्कम लहान होती, आणि बाकीचं सगळं त्यासाठी लांबवणं योग्य वाटलं नाही. काकांना हे पटलेलं नाही.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

दोन्ही वर्षांचे चेक आले. चालू पॉलिसीवरही नवे कोड आणि नवा मॉड लागू झाले, त्यामुळे मासिक हप्ता उतरला.

आणखी एक गोष्ट हाती लागली. इलिनॉयमध्ये बांधकामाच्या कोडांसाठी, चांगली मजुरी देणाऱ्या कंत्राटदारांना प्रीमियममध्ये सूट देणारी योजना आहे. प्रीमियम पगारावर असल्यामुळे जास्त मजुरी देणारा त्याच धोक्यासाठी जास्त भरतो, तो अन्याय थोडा कमी करण्यासाठी. आमचे फिटर तासाला बऱ्यापैकी कमावतात. कुणी कधी अर्जच केला नव्हता. मागच्या वर्षांची वेळ गेली, चालू वर्षाचा अर्ज मालकांनी स्वतः भरला. मी फक्त तपासला.

राहिली २०२१-२२ ची पॉलिसी. ती आधीच्या कंपनीची. सप्टेंबरपासून तीन पत्रं, तीन वेगवेगळ्या माणसांची तीन उत्तरं. पॉलिसीच्या करारात कंपनीला मुदत संपल्यानंतर तीन वर्षांपर्यंत ऑडिट करता येतं. ती तीन वर्षं १ एप्रिल २०२५ ला संपतात. त्याआधी हे हललं पाहिजे. आज तपासणीचा अहवाल, दुरुस्त झालेला मॉड आणि २०२१ च्या कामाच्या सगळ्या ऑर्डरी जोडून चौथं पत्र पाठवलं, पोच पावतीने.

२७ मार्च २०२५, गुरुवार

आधीच्या कंपनीचं उत्तर. कोड मान्य, ओव्हरटाइम अमान्य, कारण त्या वर्षी पेरोल कंपनी वेगळी होती आणि तिच्या रिपोर्टमध्ये तो वेगळा काढलेला नाही. चेक तीस दिवसांत.

दुपारी कारखान्यात गेले, १ एप्रिलच्या नव्या पॉलिसीचं पहिलं पान मालकांबरोबर वाचायला. प्रत्येक कोडसमोर त्यांनी स्वतः पेन्सिलीने माणसांची नावं लिहिली. ५४३७ समोर आठ फिटर, आणि नवव्या ओळीवर मुलाचं नाव. पेरोलच्या बाईंनी टाइमकार्डवर आणखी एक रकाना आखला आहे, मुलाच्या साइटवरच्या तासांसाठी. मी म्हटलं, त्याचा सगळाच पगार ५४३७ मध्ये जातो, याची गरज नाही. त्या म्हणाल्या, असू दे, लिहिलेलं बरं.